ओटा काढला तेव्हा

नवीन पनवेलच्या त्या शोरूममध्ये आम्ही दोघं फक्त अंदाज घ्यायला गेलो होतो. तिथल्या मुलीने आम्हाला गुबगुबीत खुर्च्यांवर बसवलं, कॉफी दिली आणि मोबाइलमधले आमच्या स्वयंपाकघराचे फोटो बघून अर्ध्या तासात कॉम्प्युटरवर एक नवंकोरं किचन उभं केलं. त्यात आमची खिडकी होती, पण खिडकीबाहेर पाण्याची टाकी नव्हती, झाडं होती. मी म्हटलं, "मला सिंक दोन हवेत." आम्ही बेने इस्रायली. मटणाची भांडी आणि दुधाची भांडी आमच्यात वेगळी ठेवतात, वेगळी धुतात. आयुष्यभर मी एकाच सिंकमध्ये दोन रंगांचे टब ठेवून ते निभावलं होतं. मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण ती खूश झाली. "डबल सिंक! मस्तच, आंटी. आजकाल सगळे तेच घेतात." तिने दोन सिंक टाकले, चिमणी टाकली, आवाज न करता बंद होणारे ड्रॉवर टाकले, आणि आकडा सांगितला.

साडेनऊ लाख. वर जीएसटी.

नवऱ्याला हल्ली एका कानाने कमी ऐकू येतं. तो मान डोलावून म्हणाला, "दीड ना? दीड ठीक आहे."

मुलीने पुन्हा सांगितलं. या वेळी त्याला नीट ऐकू आलं. त्याने कॉफीचा कप इतक्या जपून खाली ठेवला, जणू त्याचेही पैसे लागणार होते.

मी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. रिपोर्टचं पाकीट उघडून आकडा वाचणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने रोज पाहिलं आहे. आधी डोळे कागदावर थांबतात, मग माणूस वर आपलंच नाव आहे ना ते तपासतो. त्या दिवशी मी तेच केलं. स्क्रीनवर वर आमचंच नाव होतं.

आमची बिल्डिंग जुन्या पनवेलात, इस्रायल तळ्यापासून चालत जाण्यासारखी. तळमजला आणि वर दोन मजले, एकूण सहा घरं. सासऱ्यांनी ती नवी असताना तळमजल्यावरचं घर घेतलं. त्या काळात अख्ख्या घराला जितके पैसे पडले, तितक्यात आता ते न आदळणारे ड्रॉवरही आले नसते. रिक्षाने घरी येताना नवरा म्हणाला, "उलव्याला लोक नव्या फ्लॅटमध्ये जातात, तिथलं चालू किचन तोडून दुसरं बसवतात म्हणे. त्यांच्यासाठी असतील हे भाव."

"आपल्यासाठी कोणते आहेत?"

"आपल्यासाठी तीन लाख," तो म्हणाला. "फार तर वर वीस हजार."

पैसे माझे होते, मी निवृत्त झाल्यावर मिळालेले. पण तीन लाख वीस हजार हा आकडा आम्ही दोघांनी मिळून ठरवला, आणि एकदा ठरल्यावर तो आमच्या घरात राहायला आलेल्या पाहुण्यासारखा झाला. कुठलीही गोष्ट बोलायची तर त्याला विचारून. चिमणी नको, खिडकी आहे. ट्रॉल्या फक्त गॅसच्या खाली. पाण्याचे पाइप मात्र सगळे नवे, कारण जुने आतून गंजून नळाला करंगळीएवढी धार येत होती. दोन सिंकवर मी अडून बसले. नवऱ्याने फ्रीजच्या बाजूच्या कपाटावर पाणी सोडलं आणि सिंक दोन ठेवले.

काम पेसाहच्या आधी संपवायचं होतं. त्या सणाला आमच्याकडे घरातला पावाचा, खमिराचा कणन्‌कण बाहेर काढतात, भिंतींना रंग देतात, वेगळी भांडी माळ्यावरून उतरवतात. माझ्या मनात होतं की या वर्षी ती भांडी नव्या ओट्यावर उतरतील.

ठेकेदार आमच्या ओळखीतला निघाला. गावातल्या मोहल्ल्यात राहणारा, पन्नाशीचा, बोलायला गोड. त्याने फूटपट्टी लावून सगळं मोजलं आणि तीन लाख दहा हजार सांगितले. मग वेळेचं बोलणं निघालं. मी म्हटलं, शनिवारी आमचा शब्बाथ, त्या दिवशी घरात ठोकाठोक नको. त्याने बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे ताई, शुक्रवारी दुपारी माझी नमाज. शनिवारी तुमचा शब्बाथ. रविवारी सोसायटी तोडफोड करू देत नाही. मग काम करू कधी?"

"उरलेल्या दिवशी."

"इन्शाल्ला," तो म्हणाला, आणि हसला.

तोडायला सुरुवात झाली त्या सोमवारी सकाळी मी समोरच्या खोलीत भाजी निवडत बसले होते. गॅस आम्ही तिथेच टेबलावर हलवला होता. शेजारीण आपल्या दारातून बघायला आली. आमची दारं समोरासमोर आहेत. लग्न होऊन या बिल्डिंगमध्ये मी आले त्याच्या आदल्या वर्षी ती आली होती. ती म्हणाली, "एकदाचं करतेस हे बरं झालं. तुझं झालं की माझं. मी यांना सांगूनच ठेवलंय." आम्ही दोघी टाइल्सच्या रंगाबद्दल बोलत होतो, आणि आत हातोडीचा आवाज बंद झाला.

ठेकेदार दारात आला. त्याच्या चेहऱ्यावर पांढरी धूळ होती. "ताई, जरा साहेबांना बोलवा," तो म्हणाला.

"काय झालं?"

"बोलवा. आणि तुम्ही आत येऊ नका."

मी अर्थातच आत गेले. ओटा निघाला होता. ओट्याच्या मागच्या कोपऱ्यात बिल्डिंगचा एक खांब आहे, हे मला माहीत होतं. त्याच्यावर टाइल्स होत्या, टाइल्सवर माझं मसाल्याचं फडताळ होतं. टाइल्सबरोबर खांबाचा गिलावा खाली आला होता, आणि गिलाव्याच्या मागे काँक्रीट दिसायला हवं, तिथे ओली, तपकिरी, पापुद्र्यापापुद्र्याची काहीतरी वस्तू होती. मला पहिल्यांदा वाटलं, लाकूड आहे. वाळवी लागलेलं लाकूड.

"ह्या सळ्या," ठेकेदार म्हणाला. त्याने एका सळीला बोट लावलं. ती सळी बोटाबरोबर आली. भाकरीचा पापुद्रा निघावा तशी.

नवरा माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याने रसायनीच्या कारखान्यात अख्खी नोकरी काढली, गंज म्हणजे काय ते त्याला सांगावं लागत नाही. त्याने माझा दंड धरला आणि मला मागे ओढलं. इतक्या जोरात की दंडावर वळ उठला.

माझं डोकं त्या वेळी एकाच गोष्टीवर अडकलं होतं. त्या खांबाला पाठ लावून मी उभी राहायचे. फोनवर बोलताना, दूध वर यायची वाट बघताना. माझी मुलगी तान्ही असताना तिला पोटाशी धरून मी तिथेच उभी राहायचे, कारण तिथे खिडकीचा वारा यायचा.

दुपारी इंजिनियर आली. महापालिकेच्या यादीतली, तिशीची मुलगी, पायात जाड बूट. तिने लहान हातोडीने खांब खालपासून वरपर्यंत ठोकून बघितला. खाली आवाज खणखणीत होता. कमरेच्या वर तो बदलला, रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा. मग तिने छताला टेकवून एक यंत्र धरलं, वरच्या मजल्यावर जाऊन आली, आणि दोन्ही हात झटकत आम्हाला म्हणाली, "वरच्यांच्या बाथरूमचं पाणी वर्षानुवर्षं या खांबात उतरतंय. आज संध्याकाळच्या आत इथे लोखंडी टेकू लागले पाहिजेत. या किचनच्या डोक्यावर जी दोन किचन आहेत तिथेही आजपासून कोणी वावरायचं नाही."

नवऱ्याने विचारलं, "म्हणजे आमचं काम किती दिवस लांबेल?"

तिने हातोडी पिशवीत ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमच्या किचनचं बजेट आता विसरा. आधी बिल्डिंगचं बघू."

संध्याकाळपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात सहा लोखंडी टेकू उभे राहिले. भाड्याचे पैसे आम्हीच दिले, कारण तेव्हा विचारायला वेळ नव्हता. टेकू लावणाऱ्या माणसांनी स्क्रू फिरवून ते छताला घट्ट बसवले, तेव्हा छतातून वाळूसारखं काहीतरी झरझर खाली पडलं, आणि खोलीतली सगळी माणसं एका क्षणात दाराबाहेर होती. मीही.

आमची मुलगी इस्रायलमध्ये, अश्दोदला असते. लग्न करून ती तिकडे गेली. तिच्या घरात एक जाड भिंतींची खोली आहे, हल्ल्याचा भोंगा वाजला की तिने मुलांना घेऊन तिथे जायचं. गेली काही वर्षं मी व्हिडिओ कॉल लावला की पहिला प्रश्न माझा असायचा: ठीक आहात ना? इकडे या, इकडे शांत आहे. त्या दिवशी तिने टेकूंचे फोटो बघितले आणि मोठे करून पुन्हा बघितले. मग म्हणाली, "आई, तू मला रोज विचारतेस मी सुरक्षित आहे का. आणि तू स्वतः कशाखाली भात लावत होतीस?"



सोसायटीची मीटिंग दोन दिवसांनी झाली, आमच्याच घरात, कारण सगळ्यांना खांब बघायचा होता. सहातलं एक घर कित्येक वर्षं बंदच आहे, त्याचा मालक परदेशात. बाकी पाच घरांतून कोणी ना कोणी आलं. एकेक जण आत जाऊन टेकूंमधून डोकावून यायचा आणि खुर्चीवर बसायचा. इंजिनियरने खर्चाचा अंदाज दिला होता. तो खांब, त्याच्या बाजूचा दुसरा, छताची दुरुस्ती आणि वरच्या मजल्याचे सगळे पाइप मिळून आठ लाख चाळीस हजार. बंद घराच्या मालकाला फोन केला, मेसेज केला, त्याने वाचला आणि उत्तर दिलं नाही. म्हणजे पाच वाटे. प्रत्येकी एक लाख अडुसष्ट हजार.



मग सेक्रेटरी बोलले. ते जिना चढताना सगळ्यांना नमस्कार करणारे गृहस्थ आहेत, त्यांना मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "इतकी वर्षं बिल्डिंग उभी होती," ते म्हणाले. "तुम्ही हातोडे मारले आणि हे झालं. परवानगी घेतली होती का लेखी?"

"परवानगी तुम्हीच दिलीत," नवरा म्हणाला. "जिन्यात."

"जिन्यात म्हणजे लेखी नव्हे."

"सळ्या गंजलेल्या होत्या हो. आम्ही नसतं उघडलं तर कळलंही नसतं."

"तेच म्हणतोय. उघडलं नसतं तर..." ते थांबले. आपण काय बोलतोय हे बहुतेक त्यांनाही कळलं.

वरच्या मजल्यावरचा मुलगा, म्हणजे चाळिशीचा माणूस, भिंतीला टेकून उभा होता. त्यांची द्रोणागिरीकडची मिठागराची जमीन सरकारने घेतली, त्या पैशांत त्यांनी दोन ट्रेलर घेतले, ते बंदरावर चालतात. त्यांच्याच बाथरूमचं पाणी खांबात उतरत होतं. तो म्हणाला, "आमच्या बाथरूमला कोनी हात लावायचा नाय. आता चार वर्सामागं टाइल बसवलीय. पैशाचं नंतर बगू."

आणि तेव्हा शेजारीण बोलली. ती माझ्या शेजारीच बसली होती, आमच्या घरातल्या तिच्या नेहमीच्या खुर्चीवर. ती माझ्याकडे न बघता सेक्रेटरींना म्हणाली, "यांचं काय हो. मुलगी तिकडे आहे. उद्या बॅगा भरून इस्रायलला निघून जातील. पैसे भरायचे आपण, आणि मरायचं असेल तर तेही आपणच."

मला आधी वाटलं, दुसरंच कोणीतरी बोललं. मी वळून बघितलं. तीच होती.

ही बाई माझ्या बाळंतपणात दवाखान्यात माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपली होती. आमच्याकडे मलिद्याची प्रार्थना झाली की पोहे-खोबऱ्याची पहिली बशी तिच्या घरी जायची, आणि तिच्याकडे गणपती बसले की मोदकांचा डबा माझ्या घरी यायचा. डालडा तुम्हाला चालेल का, म्हणून तिने माझ्यासाठी साजूक तुपातली करंजी वेगळी तळलेली मी पाहिली आहे. एवढ्या वर्षांत तिने 'तुम्ही लोक' असं कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही नाही म्हटलं. फक्त 'यांचं' म्हटलं.

लॅबमध्ये रक्त देताना चक्कर येणारी माणसं असतात, त्यांना आम्ही आधी खाली बसवायचो. मी बसलेलीच होते.

खरं सांगायचं तर ती पूर्ण चुकीचं बोलली नव्हती. मुलगी दोन वर्षं आमच्या मागे लागली होती. इथे कोण आहे आता तुमचं, म्हणायची. आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे तर हल्ली अलिबागकडून कोणाला तरी बोलवावं लागतं, हेही खरं. मी आणि नवरा या विषयावर जेवताना बोलायचो, मग दुसरं बोलायचो. आणि एक दिवस किचन नवीन करू या, असं मी म्हटलं आणि तो लगेच हो म्हणाला. जायचं नाही, हे आम्ही त्या दिवशी ठरवलं. पण तसं मोठ्याने म्हटलं नाही, अगदी एकमेकांनाही नाही. शेजारणीला तर नाहीच.

मी म्हटलं, "जाणारी बाई ओट्याचा दगड निवडत बसते का गं?"

ती पदराने चष्मा पुसत राहिली.

नवऱ्याला ऐकू आलं नसेल, असं मला वाटलं होतं. पण तो उठला, आतून चेकबुक घेऊन आला, आणि सेक्रेटरींच्या समोर बसून एक लाख अडुसष्ट हजारांचा चेक लिहिला. अक्षरी रक्कम लिहिताना त्याला 'अडुसष्ट' दोनदा लिहावं लागलं. "हा आमचा वाटा," तो म्हणाला. "खांब सगळ्यांचा आहे. फक्त आमच्या किचनमध्ये उभा आहे." मीटिंग तिथेच संपली. दुसरा कोणी चेक दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. वरच्या मजल्यावरची म्हातारी होती, त्या ट्रेलरवाल्याची आई. तिला गुडघ्यांचा त्रास, जिना उतरायला तिला फार वेळ लागतो, म्हणून ती कधी खाली येत नाही. आम्ही तिला मावशी म्हणतो. नऊवारी वर खोचून, कठड्याला धरत ती आली होती आणि धापा टाकत होती.

"पोऱ्या सांगतं खांब कुजला. मना दाव," ती म्हणाली.

"मावशी, आत टेकू आहेत. पडाल."

"दाव मना. मी मिठागरात चिखलान चाललेली बाई हाय. टेकू क करतंय मना?"

मी तिचा हात धरून तिला आत नेलं. टेकूंच्या मधून ती तिरकी होऊन चालली. खांबापाशी पोचल्यावर तिने तळहात पसरून त्याच्यावर ठेवला, एखाद्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. हात काढला तेव्हा तळवा तांबडा झाला होता, आणि तिच्या बोटांत लोखंडाचा एक पापुद्रा होता. तिने तो चिमटीत दाबला. त्याचा भुगा झाला.

"आगो बाय," ती म्हणाली. मग पुन्हा, अगदी हळू, "आगो बाय."

मी आणि नवऱ्याने मिळून तिला बाहेर आणून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. ती पाण्याकडे बघत राहिली, प्यायली नाही.

"ह्ये आमचा पानी?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. खोटं बोलून काय उपयोग होता.

"आनि तू हितं खाली उभी रं'तेस. आनि वर मी. माझी नातवंडा."

मग तिने माझ्या घरातून, माझ्याच फोनवरून मुलाला फोन लावायला सांगितलं, आणि त्याला आगरी बोलीत जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाथरूम तोडायचं, पाइप काढायचे, पैसे आजच द्यायचे, एवढं मला कळलं. मुलगा पलीकडून काहीतरी बोलत होता. म्हातारी म्हणाली, "टाइल गेली खड्ड्यान. तुजी आय मेली तं दुसरी बसवशील क?"

दुपारी तो स्वतः पैसे घेऊन आला. माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवले आणि गेला. त्याने दिल्यावर बाकीच्यांनी दिले, कोणी महिन्याभरात, कोणी दोन हप्त्यांत. शेजारणीच्या नवऱ्याने चेक सेक्रेटरींकडे पाठवला. पूर्वी असं काही असलं की ती मला हाक मारून द्यायची.

काम तीन महिने चाललं. खांबाभोवती नव्या सळ्या बांधल्या, काँक्रीट ओतलं. या सगळ्या काळात आम्ही समोरच्या खोलीत स्वयंपाक केला. पेसाहची भांडी मी माळ्यावरून उतरवली आणि पलंगावर मांडली, कारण दुसरी जागाच नव्हती. त्या वर्षी आमच्याकडे रंग लागला नाही. सणाच्या पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघंच बसलो, आतून सिमेंटचा वास येत होता. नवरा प्रार्थना म्हणताना मधेच थांबला आणि छताकडे बघायला लागला. मीही बघितलं. काही नव्हतं. त्याने पुढची ओळ घेतली.

टेकू काढायचे ठरले त्या दिवशी अख्खी बिल्डिंग आमच्या दारात जमली. इंजिनियरने कोणालाही आत येऊ दिलं नाही. ठेकेदाराची माणसं एकेक स्क्रू थोडा थोडा ढिला करत गेली. शेवटचा टेकू निघाला, तो आडवा करताना जमिनीवर आपटला आणि मोठा आवाज झाला. दारातल्या दोन बाया किंचाळल्या. त्यातली एक मी होते आणि दुसरी शेजारीण होती. तिने माझा हात धरला होता, केव्हा धरला ते तिलाही कळलं नसावं. कळल्यावर तिने तो सोडला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

मग ठेकेदार नि आम्ही उरलेल्या पैशांचा हिशेब केला. एक लाख बावन्न हजार होते, त्यातून टेकूंचं भाडं गेलं. खांब आता पूर्वीच्या दीडपट जाड झाला होता. दुसऱ्या सिंकची जागा त्याने खाल्ली. ट्रॉल्या गेल्या, ग्रॅनाइट गेला. कडप्प्याचा ओटा, पांढऱ्या टाइल्स, नवे पाइप, एक सिंक. ठेकेदार म्हणाला, "ताई, शोरूमवाल्यांनी साडेनऊ सांगितले होते ना? ह्या किचनला तेवढे लागलेत बघा. फक्त भिंतीच्या आत गेले." नवऱ्याला हसू आलं. मला आलं नाही. पुढे दोन-तीन दिवसांनी आलं, एकटी असताना.

ओटा झाल्यावर शेजारीण एकदा दुपारी आली. दारातच उभी राहिली, खुर्चीवर बसली नाही.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खरंच जाणार नाही ना तुम्ही?"

मी तिच्याकडे बघितलं. तिची दोन्ही मुलं पुण्याला, नवऱ्याला मधुमेह. सेक्रेटरींना जे वाक्य तिने रागाने सांगितलं होतं, तेच ती आता विचारत होती, आणि आता त्यात राग नव्हता. भीती होती. त्या दिवशीही तीच असेल. पण मला ते त्या दिवशी कळलं नव्हतं, आणि आज कळल्यामुळे तो दिवस पुसलाही जात नव्हता.

"आत्ता तरी नाही," मी म्हटलं.

"आत्ता तरी?"

"ये, आत ये. टाइल्स बघ."

ती आत आली. तिने टाइल्स बघितल्या, नळ सोडून बघितला, धार चांगली आहे म्हणाली. खांबापाशी मात्र ती गेली नाही, लांबून वळसा घालून गेली. मी हे कोणाला सांगितलेलं नाही, पण मीही अजून त्याला पाठ लावून उभी राहत नाही. इंजिनियरने सांगितलंय की आता त्याला माझ्या नातवंडांच्या हयातीतही काही होणार नाही. मला ते पटतं. तरी कुकरची पहिली शिट्टी झाली की माझी मान आपोआप वर जाते, आणि छत जिथल्या तिथे आहे हे बघून झाल्यावरच मी गॅस बारीक करते.